पाच व्होल्टांचा पाहुणचार

मुलुंडची वीज महावितरणची. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरवाले आधी बीएसईएसची, मग रिलायन्सची आणि २०१८पासून अदानींची बिलं भरतात, शहरात बेस्ट. आम्ही कर मुंबई महापालिकेला भरतो आणि विजेपुरते उर्वरित महाराष्ट्रात राहतो. त्यामुळे बोरिवलीचा भाचा लॅपटॉप घेऊन आला, की आमची ही त्याला बजावते, "भरून आणलायस ना? मग आधी अदानींची संपव."

भाचा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट : माती सुकली की कुंडीला आपोआप पाणी. डोकं म्हणून चाळीस पायांची चिप, पिक १६एफ८७७ए, आणि त्यात प्रोग्रॅम उतरवायला लॅमिंग्टन रोडवरून आणलेला प्रोग्रॅमर.

"बोर्डाला वेगळी पॉवर कुठंय?" मी विचारलं.

"कशाला मामा? लॅपटॉप आहे ना!"

या पिढीला लॅपटॉप म्हणजे कोयनेचं धरण वाटतं. आमच्या वेळी प्रोग्रॅमर सिरिअल पोर्टला लटकायचे आणि सिग्नलच्या तारांतूनच पोट भरायचे. डेस्कटॉपवर ते चालायचे. लॅपटॉपच्या पोर्टात व्होल्टेजच कमी, तिथे तेच सर्किट रुसून बसायचं. आता यूएसबीचे पाच व्होल्ट मिळतात. पिकच्या पहिल्या पायाला लिहिताना तेराच्या आसपास लागतात, ते प्रोग्रॅमर पाचातूनच वाढवून घेतो. इथपर्यंत त्याचं कौतुकच आहे.

पण यूएसबी म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन. अनोळखी उपकरण फाटकाशी आलं, की त्याला १०० मिलिअँपिअर. वहीत नाव आणि गरज लिहिली, की ५००पर्यंत आत. नव्या निळ्या पोर्टात ९००. वही न बघताच घुसणारेही असतात. लोकलमध्ये विकायला येणारे ते यूएसबीचे चिमुकले पंखे बघा, थेट चेअरमनचे मेहुणे.

प्रोग्रॅमर बिचारा रीतसर सही करतो, पण स्वतःच्या नावाची. त्याच्या पाठोपाठ भाच्याचा बोर्ड आत शिरला. बोर्डामागून एलसीडी, रिले आणि पाण्याचा पंप. पिककिट ३ सारखा प्रोग्रॅमर बोर्डाला जेमतेम ३० मिलिअँपिअर देतो. साध्या पाच व्होल्टच्या रिलेच्या कॉइललाच सत्तरेक लागतात. पंपाचं तर विचारूच नका.

व्हायचं तेच झालं. पंप सुरू झाला, व्होल्टेज बसलं, चिप रीसेट झाली, पंप थांबला. पंप थांबल्यावर व्होल्टेज परत आलं, चिपला जाग आली, माती सुकी दिसली, पंप सुरू. तुळशीला पाणी मिळालं, पण गुळण्या केल्यासारखं. शेवटी लॅपटॉपनेच पोर्ट बंद केला आणि पडद्यावर निषेध नोंदवला.

मग भाच्याची नजर लॅपटॉपच्या अडॅप्टरवर गेली. "मामा, १९ व्होल्ट आहेत. ७८०५ रेग्युलेटर लावतो, पाच करून देईल."

देईल की! उरलेल्या चौदाची उष्णता करील. अर्धा अँपिअर घेतला तर सात वॉट त्या नखाएवढ्या तुकड्यात. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "पापड भाजून होतील का?"

तोडगा तसा साधा, म्हणूनच त्याला पटेना. बोर्ड आणि पंपाला मोबाइलच्या जुन्या चार्जरवरून वेगळे पाच व्होल्ट, प्रोग्रॅमरच्या सॉफ्टवेअरमधली 'बोर्डाला वीज द्या' ही खूण काढलेली, आणि दोघांचं ग्राउंड मात्र एकत्र जोडलेलं. ते नाही जोडलं, तर शून्य व्होल्ट कशाला म्हणायचं यावरच दोघांचं एकमत होत नाही. चार्जर शोधायला वेळ लागला नाही. आमच्या टीव्हीखालच्या खणात मेलेल्या फोनांचे चार्जर पिढ्यान्‌पिढ्या नांदतात.

प्रोग्रॅम उतरला. पंप घुरघुरला आणि पहिल्यांदाच न अडखळता चालू राहिला. भाच्याने व्हिडिओ काढला, तो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, येणारे अंगठे मोजत बसला. पंप चालूच होता. कधी थांबायचं ते प्रोग्रॅममध्ये लिहायचं राहून गेलं होतं. आजवर तशी वेळच आली नव्हती.

खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अहो वहिनी, माझ्या साड्या वाळत घातल्यात!"