सरकारमान्य बर्फ

मिनेसोटा राज्यात गोठलेल्या तळ्यावर काय काय न्यावं, याचा सरकारी तक्ता आहे. माणूस पायी जाणार असेल तर बर्फ ४ इंच जाड हवा. स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच, छोट्या मोटारीला ९ ते १०, आणि पिकअप ट्रक न्यायचा तर १३ च्या आसपास. हा सगळा हिशेब नव्या, पारदर्शक बर्फाचा. पांढुरका बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरायची. इंचाइंचाने एवढं सांगून झाल्यावर त्याच खात्याने लिहिलंय, की शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा नसतोच. म्हणजे जायचं कसं ते आधी सविस्तर समजवायचं आणि मग हात झटकायचे. भारतातून गेलेल्या माणसाला हा मजकूर वाचून एकदम घरी आल्यासारखं वाटतं.

आमचं तळं लीच लेक. मिनियापोलिसहून उत्तरेला साडेतीनेक तास गेलं की वॉकर नावाचं छोटं गाव लागतं, त्याला खेटून. लाखाहून जास्त एकर पाणी, आणि वॉकरच्या बाजूला खोली दीडशे फुटांपर्यंत. हे दीडशे फूट मला मेजरने गाडीत सांगितले. नसते सांगितले तरी चाललं असतं.

मेजर कधीही लष्करात नव्हता. सांगलीला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर मेसचा हिशेब तो ज्या कडकपणे ठेवायचा, त्यावरून ते नाव पडलं. आता तो मिनियापोलिसजवळ राहतो आणि आमच्या या हिवाळी सहलीची त्याने एक्सेल शीट केली होती. तीत ‘हातमोजे, आतले’ आणि ‘हातमोजे, बाहेरचे’ असे दोन वेगळे रकाने होते, आणि ‘माकडटोपी’ या रकान्यापुढे लाल अक्षरांत ‘सक्तीची’. पुण्यात थंडी पडली की माकडटोपी घालणाऱ्यांना आम्ही आयुष्यभर हसलो. उणे अठ्ठावीस सेल्सियसला पहिला श्वास घेतला आणि नाकातले केस कडकन गोठले, तेव्हा त्या सगळ्या काकांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

बाकी मंडळी म्हणजे न्यू जर्सीहून आलेला अण्णा, मेजरच्याच गावात राहणारा पिंट्या, आणि शिकागोचा बाबल्या. बाबल्या मूळ वेंगुर्ल्याचा. मासे धरायला जायचं ठरल्यावर त्याने फोनवर एकच प्रश्न विचारला होता. “गोड्या पाण्यातल्या माशाक काय चव आसतली रे?” तरी येताना मालवणी मसाला, सोलं, तिरफळं आणि नारळाच्या दुधाचे डबे घेऊन आला. अश्रद्ध माणूससुद्धा देवळात जाताना नारळ नेतो, त्यातलाच प्रकार.

आम्ही उतरलो त्या केबिनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. लाकडाची होती, शेगडी होती, आणि आत इतकं उकडत होतं की बाहेर जायला निमित्त हवं होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्नोमोबाइलच्या रूपाने मिळालं.

स्नोमोबाइल चालवण्याबाबत मिनेसोटाचा एक सुंदर कायदा आहे. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. त्याआधी जन्मलेल्यांना लागत नाही, ते जन्मतः शहाणे. ही रेघ नेमकी आमच्या बॅचच्या मधून जाते. अण्णाचा जन्म नोव्हेंबर १९७६ चा, पिंट्याचा जानेवारी १९७७ चा. त्यामुळे वर्गातला सगळ्यांत सावध मुलगा पिंट्या, ज्याने आजवर पिवळ्या दिव्याला गाडी पुढे काढली नाही, तो चार संध्याकाळी ऑनलाइन कोर्स करत बसला होता. आणि अण्णा, ज्याने होस्टेलच्या जिन्यावरून लूना खाली आणली होती, त्याला सरकारने न विचारता किल्ली दिली. मी कोणत्या साली जन्मलो हा प्रश्न आला नाही, कारण मी पिंट्याच्या मागे बसणार होतो.

हे वाहन इथलंच. आणखी वर, कॅनडाच्या सीमेजवळ रोझो नावाचं गाव आहे. तिथे शेतीची अवजारं बनवणाऱ्या पोलारिस कंपनीने १९५६ साली आपली पहिली स्नोमोबाइल तयार केली. ही गाडी भरवशाची आहे हे जगाला पटावं म्हणून संस्थापकांपैकी एडगर हेटीन १९६० मध्ये अलास्कात गेले आणि बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत सुमारे १२०० मैल बर्फातून गाडी हाकत नेली. नाव झालं. पण घरी परतल्यावर कंपनीतल्या मंडळींना हा उद्योग काही रुचला नव्हता. लवकरच हेटीन बाहेर पडले, थीफ रिव्हर फॉल्स या गावी गेले आणि त्यांनी तोच धंदा नव्याने मांडला. तीच पुढची आर्क्टिक कॅट. भागीदारांशी बिनसल्यावर शेजारच्या गावात तेच दुकान काढणारा माणूस भेटला की मराठी मन भरून येतं.

गाडी सुरू करायला सोपी. उजव्या अंगठ्याखाली वेग, डाव्या हातात ब्रेक, आणि धरायच्या मुठी विजेने गरम होतात. शरीराचा तेवढाच भाग आपला आहे असं वाटतं. चालकाच्या जाकिटाला एक दोरी अडकवलेली असते. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. मागे बसलेला पडला तर काय होतं, हे मी दोनदा विचारलं. पिंट्या म्हणाला, कोर्समध्ये ते नव्हतं.

वाट छान होती. ब्रेनर्डकडून बमिजीकडे जाणारा पॉल बनियन ट्रेल वॉकरवरून जातो. एके काळी इथून रेल्वे धावायची, रूळ काढून तिथे ही वाट केली. उन्हाळ्यात सायकली, हिवाळ्यात आपण. राज्यात अशा स्नोमोबाइलच्या वाटा २२ हजार मैलांहून जास्त आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक गावोगावच्या क्लबांची मंडळी सांभाळतात, यंत्र फिरवून बर्फ सपाट करतात. वाटेवर पाट्या आहेत, वळणाच्या खुणा आहेत, आणि निर्मनुष्य जंगलात जिथे एखादा रस्ता आडवा येतो तिथे चक्क ‘थांबा’चा लाल फलक आहे. पिंट्या प्रत्येक फलकाशी पूर्ण थांबायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, पुन्हा डावीकडे बघायचा. सगळीकडे फक्त झाडं. मग निघायचा.

समोरून दुसरा ताफा आला की पुढच्याने बोटांनी दाखवायचं, माझ्यामागे अजून इतक्या गाड्या आहेत. सगळ्यांत शेवटचा मूठ दाखवतो, म्हणजे मागे कोणी नाही. शेवटी बाबल्या होता. हेल्मेट घातलेले सहा फुटी दांडगे गोरे समोरून येताहेत आणि वेंगुर्ल्याचा बाबल्या त्यांना मूठ उगारतोय, आणि तेही आदराने मान डोलावून निघून जाताहेत! त्या दिवसभरात बाबल्याला जो आत्मविश्वास आला तो पुढे दोन दिवस उतरला नाही. केबिनमध्ये चहाला नाही म्हणतानाही तो मूठ दाखवायचा.

अण्णा अर्थातच वाट सोडून गेला. बाजूला अस्पर्श पांढरं मैदान दिसत होतं, आणि अण्णाला अस्पर्श काही बघवत नाही. भुसभुशीत बर्फात ही गाडी धावत असेतो तरंगते, थांबली की बसते. अण्णा थांबला, कारण त्याला फोटो काढायचा होता. मग तो गाडीवरून उतरला आणि कमरेपर्यंत दिसेनासा झाला. अडीचशे किलोचं ते धूड बाहेर काढायला आम्हाला पाऊण तास लागला. आधी भोवतालचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करायचा, मग पुढच्या स्की धरून तोंड वाटेकडे वळवायचं. हे सगळं पिंट्याला कोर्समुळे ठाऊक होतं. अण्णा म्हणाला, “बघ, तुझं प्रमाणपत्र वाया गेलं नाही.”

संध्याकाळी तळ्यावर गेलो. आमचा मुक्काम त्या रात्री बर्फावरच्या घरात होता. चाकांवरची खोली असते. तळ्यावर ओढत नेतात आणि चाकं वर घेऊन थेट बर्फावर बसवतात. आत शेगडी, गॅस, चार-पाच बाकवजा पलंग, आणि जमिनीला झाकणं असलेली भोकं. तिथवर रिसॉर्टवाल्यांनी बर्फ ढकलून रस्ता केलेला. रस्त्याकाठी काठ्या रोवलेल्या, दूरवर घरांचे दिवे, एका घरासमोर खुर्च्या मांडलेल्या. चार महिन्यांपूर्वी इथे लोक होड्या वल्हवत असतील यावर विश्वास बसत नव्हता.

काठावर मेजरने गाडी थांबवली आणि म्हणाला, “पट्टे काढा, काचा खाली करा.” हा तोच मेजर, जो घराच्या फाटकातून गाडी बाहेर काढतानाही मागच्या सीटवरच्यांचे पट्टे तपासतो. बर्फ फुटला तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून तळ्यावर पट्टा लावायचा नाही, असा तिथला सावध लोकांचा रिवाज. गाडी हळू न्यायची, कारण वेगात गेलं की बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि काठाजवळ ती बर्फ फोडू शकते. मग मेजरने प्रत्येकाला एकेक दोरी दिली. तिच्या दोन्ही टोकांना मूठ आणि मुठीतून निघालेला टोचा. पाण्यात पडलोच तर हे टोचे बर्फात रुतवून स्वतःला वर ओढायचं. संक्रांत नुकतीच झाली होती, आणि त्याने ते आम्हाला वाण लुटावं तसे वाटले. आम्ही गळ्यात घातले आणि काचा उघड्या ठेवून, उणे अठ्ठावीसमध्ये, ताशी दहा मैलांनी निघालो. कोणी बोलत नव्हतं. शेवटी बाबल्या म्हणाला, “खाली पाणी आसा मरे!”

आत गेल्यावर पहिलं काम भोकं पाडायचं. ड्रिलसारखं एक लांब यंत्र असतं, बॅटरीवर चालतं. बर्फाचा कीस उडत राहतो आणि बऱ्याच वेळाने एकदम भसकन पाणी वर येतं. अण्णाला मोठं भोक हवं होतं, “मोठा मासा आला तर?” पण इथेही सरकार हजर होतं. भोक किती रुंद पाडायचं यालाही मर्यादा. उन्हाळ्यात माणशी एक गळ, हिवाळ्यात बर्फावर दोन. हा दुसरा गळ थंडीत बसण्याचा भत्ता असावा. भोकात पुन्हा पुन्हा बर्फ धरतो, तो काढायला खास झारा विकत मिळतो. मेजरच्या शीटमध्ये तो होता, गाडीत नव्हता. म्हणून वहिनींनी भज्यांसाठी दिलेला झारा तळ्यात गेला. वहिनींना हे कळवायचं नाही असं एकमताने ठरलं.

भोकात सोनार यंत्राचा कान सोडला. पडद्यावर खोली दिसते. आमच्याखाली अडतीस फूट होते. दीडशे नव्हते म्हणून मला बरं वाटलं, मग लक्षात आलं की कामाला अडतीस पुरतात. त्याच पडद्यावर आपलं आमिष एक रेघ म्हणून दिसतं, आणि मासा आला की खालून दुसरी रेघ वर सरकते. जुन्या काळी मासा लागला नाही तर माणूस म्हणू शकत होता, आज तळ्यात मासाच नाही. आता ती सोय गेली. रेघ वर येते, तुमच्या आमिषाशी थांबते, सगळ्या बाजूंनी बघते आणि विचार करून कळवतो म्हणून परत खाली जाते. पिंट्याला त्या संध्याकाळी अकरा नकार आले. प्रत्येक नकारानंतर तो आमिष बदलायचा, रंग बदलायचा, हलवण्याची पद्धत बदलायचा. अण्णा त्याला म्हणाला, “आता पत्रिका बदल.”

रात्री तळं बोलायला लागतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. लांबून एक घुमणारा आवाज येतो, तो पायाखालून जातो आणि पलीकडच्या काठाला जाऊन थांबतो. पहिल्या आवाजाला आम्ही सगळे उभे राहिलो. अण्णाने दोन्ही हातांत टोचे घेतले होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारच्या घरातले आजोबा, सत्तरीचे तरी असतील, काड्यापेटी मागायला आले होते. अंगात स्वेटर, वर जाकिटाची चेन उघडी. आवाजाबद्दल विचारलं तर म्हणाले, थंडी वाढली की बर्फ जाड होतो, ताणला जातो, आणि मग असा बोलतो. आवाज येतोय ते चांगलंच आहे. अण्णाच्या हातातल्या टोच्यांकडे त्यांनी बघितलं, पण सभ्य माणूस, काही विचारलं नाही.

या घरांत भिंतीला गळाची गुंडाळी बसवलेली असते, दोरी सरळ भोकात जाते. झोपायचं आणि मासा लागला की गुंडाळी फिरून खडखडते. मध्यरात्रीनंतर ती खडखडली. चार इंजिनिअर अंधारात एकदम उठले आणि त्यांतल्या तिघांचं डोकं वरच्या पलंगाला लागलं. गुंडाळी अण्णाच्या भोकावरची, अण्णा मात्र घोरत होता. बाबल्याने दोरी हातावर घेतली आणि त्या क्षणी त्याचा चेहरा बदलला. वेंगुर्ल्याच्या कित्येक पिढ्या त्याच्या मनगटात उतरल्या. हात हात करत त्याने मासा वर आणला. लांबुळका, तपकिरी ठिपक्यांचा, हनुवटीला एकच मिशी. बाहेर येताच त्याने शेपटी बाबल्याच्या मनगटाभोवती गुंडाळली. पिंट्या किंचाळला. हा ईलपाउट, म्हणजे बर्बट.

या माशाला इथे फारसा मान नाही. कितीतरी वर्षं लोक तो धरला की बर्फावर फेकून द्यायचे. वॉकरमध्ये मात्र त्याच्या नावाचा मोठा हिवाळी उत्सव भरायचा आणि लोक त्याचा मुका घ्यायचे. तो ऐन हिवाळ्यात, बर्फाखाली, रात्रीच्या अंधारात अंडी घालतो, म्हणून याच दिवसांत गळाला लागतो. मेजरने फोनवर शोधून ही माहिती वाचायला सुरुवात केली आणि एका ओळीपाशी थांबला. कॉड कुळातले बाकीचे मासे समुद्रात राहतात, गोड्या पाण्यात आयुष्य काढणारा हा एकटाच.

बाबल्याने माशाकडे नव्या नजरेने पाहिलं. “असां? मग ह्यो आमच्या नात्यातलो.”

पहाट व्हायच्या आत कातडी सोलून तुकडे झाले. नारळाचं दूध उघडलं, मसाला पडला, तिरफळं ठेचून टाकली. मांस पांढरं, घट्ट, शिजल्यावरही फुटत नाही. पहिला घास घेऊन बाबल्या बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “सुरमय न्हय. पण वाईट म्हणूचंय नाय.” त्याच्या तोंडून गोड्या पाण्याला यापेक्षा जास्त काही मिळणार नव्हतं. पिंट्याने, जो गुरुवारी मासे खात नाही, आज वार कोणता ते तीनदा तपासून दोनदा वाढून घेतलं.

वास शेजारी गेला असणार. आजोबा काड्यापेटी परत करायला आले आणि सार-भात खायला बसले. तिसऱ्या घासाला कपाळावर घाम आला, जाकीट काढून ठेवलं, स्वेटरच्या बाह्या वर गेल्या. बाहेर पारा आणखी उतरला होता. दुसरी वाटी संपवून ते उठले, बाबल्याच्या खांद्यावर थाप मारली आणि दाराशी जाकीट हातावर टाकत म्हणाले, “चांगली हवा आहे तोवर मजा करून घ्या, पोरांनो. पुढच्या आठवड्यात थंडी पडणार आहे.”