हंडा सापडलेले गुरुजी

आमच्या लोहा-अहमदपूरच्या पट्ट्यात माणूस एकाएकी सुधारला की त्याची तीनच कारणं सांगतात: प्लॉटिंग, गुत्तेदारी नाहीतर हंडा. पहिल्या दोन्हींना निदान सातबारा आणि टेंडर तरी लागतं. हंड्याला काहीच लागत नाही. चुलत्याने जुनी माळवदाची भिंत पाडली आणि महिन्याभरात स्लॅब टाकला, की झालं. बँकेचे हप्ते तो पुढं दहा वर्षं फेडतो, पण ते कोण बघतं?

गुरुजींच्या नावावरही असा एक हंडा आहे. तो त्यांनी स्वतः अजून पाहिलेला नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत 36 वर्षं घालवून गुरुजी निवृत्त झाले आणि वेतन आयोगाचा फरक एकदम हातात पडला. घरच्यांच्या डोक्यात पाटल्या होत्या. गुरुजींनी मशीन मागवलं. लांब दांडा, टोकाला ताटलीएवढं कडं, वर एक डबी आणि कानाला लावायचे हेडफोन. कुरिअरवाल्याने खोका उतरवला तेव्हा पारावर दोन मतं होती, फवारणीचा पंप किंवा गवत कापायचं यंत्र. दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी मोकळ्या रानात ते कडं डावी-उजवीकडं झुलवत निघाले, तेव्हा दोन्ही मतं बाद झाली आणि तिसरं एकमुखाने मंजूर झालं.

कोणी विचारलं तर गुरुजी फळ्यापुढं उभं राहिल्यासारखं समजावतात. कड्यातल्या तारेत वीज खेळते, तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, खालच्या धातूत उलटा प्रवाह उठतो आणि कानात 'टूं' होतं. सुट्टं नाणं वीतभर खोल असेल तर कळतं, त्याखाली आवाज विरतो. गावाला मात्र दोन पुरुष खोल पुरलेले सात रांजण हवे असतात, त्यामुळं शास्त्र इथंच संपतं.

सोयाबीन निघाल्यावर आणि हरभरा पेरायच्या आत जे थोडे दिवस मिळतात, तो गुरुजींचा हंगाम. एकदा मी सोबत गेलो. बांधाजवळ 'टूं' झालं. गुरुजी गुडघ्यावर बसले, खुरप्याने काळी माती वर्तुळात कापली, ढेकूळ उचलून बाजूला ठेवलं, त्यातली माती बोटांनी अशी चाळली की तांदळातले खडे निवडावेत. निघाली बैलाची नाल, तीही अर्धी. धोतराच्या सोग्याला पुसून ती त्यांनी पिशवीत टाकली आणि खड्डा पुन्हा बुजवून वरून पायाने दाबला. पुढचा आवाज बारीक आणि गोड होता. गुरुजींनी डोळे मिटले. "हे सोनंबी असू शकतं," ते कुजबुजले. निघालं डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट. सोन्याचा बारीक दागिना आणि अशा पाकिटाची चांदी मशीनच्या कानाला जवळजवळ सारखीच, हे त्यांना पाठ आहे. तरी दर वेळी डोळे मिटतातच.

बांधावरून हाक आली, "काय करलालाव गुरुजी? घावलं का काही?"

"नाल घावली."

"सोन्याची?"

हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर जास्तच पंचाईत. आजवर निघालेला ऐवज सांगतो: कुळवाच्या पासेचा तुकडा, गाडीची कुणी, बाटल्यांची टोपणं मोजदाद नाही इतकी, एक ढब्बू पैसा आणि शेजारणीचं हरवलेलं जोडवं. जोडवं परत दिलं तेव्हा ती म्हणाली, "एकच दिलं बघा, बाकीचं ठिवून घेतलं."

अफवेचा त्रास घरच्यांना जास्त. लेकीचं जमत आलेलं स्थळ अचानक मागण्या वाढवू लागलं. सोसायटीचा सचिव, जो आधी कर्जासाठी मागं लागायचा, तो आता ठेवीसाठी मागं लागला. एके रात्री एक बुवा एका पायाळू पोराला घेऊन दारात हजर. पायाने जन्मलेल्याला जमिनीतलं दिसतं, मशीन तुमचं, डोळे याचे, निम्मं-निम्मं. गुरुजींनी पोराला आधी पाढे विचारले. मग बुवाला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा समजावायला बसले. बुवा चहा न घेता गेला. पोरगं मात्र दोन बिस्किटं खाऊन गेलं.

गुरुजींचं दैवत बुवा-बाबांतलं नाही. लातूरहून जवळच तेर आहे, ग्रीक-रोमन व्यापारी ज्याला तगर म्हणत. तिथं रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी गावाच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, निघालेल्या वस्तू जपल्या आणि त्यांचं वस्तुसंग्रहालय झालं. तिथली हस्तिदंती बाई बघताना गुरुजी चप्पल काढतात. म्हणूनच ते कंधारच्या किल्ल्यात किंवा पांढरीच्या टेकडीवर मशीन नेत नाहीत. "संरक्षित जागेत खणणं गुन्हा, आणि पांढरीत खणणं पाप," असं त्यांचं वर्गीकरण. किल्लारीच्या जुन्या गावठाणात या म्हणून एकाने गळ घातली, तर त्यांनी त्याचा फोनच उचलणं बंद केलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर तिथल्या दगडमातीत काय काय राहिलं, ते त्यांना कानात ऐकायचं नाही.

त्यांचं खरं रान म्हणजे माळेगाव. खंडोबाची यात्रा उठली, घोडे-गाढवं, तमाशाचे तंबू गेले की उरलेल्या माळावर गुरुजी तीन दिवस असतात. रुपये, दोन रुपये, पाळण्यांचे खिळे, कुणाचं तरी पैंजण. सुटे पैसे ते खंडोबाच्या पेटीत टाकतात आणि पैंजण महिनाभर खिशात घेऊन फिरतात, मालकीण भेटेल म्हणून.

गेल्या वर्षी मात्र स्वतःच्या शेतात खरंच 'टूं' झालं. चारमिनारचा शिक्का असलेला चांदीचा हाली रुपया, निजामाच्या अमदानीतला. माझ्या आज्याला हाली आणि इंग्रजी कलदार यांच्या हिशोबात गोंधळायला लावणारा तोच. घरच्यांनी तो देवघरात ठेवायला सांगितला. पण गुरुजींना 1878 चा निखात निधी कायदा आठवला. दहा रुपयांवर किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. त्यांनी तीन प्रतींत अर्ज लिहिला, ठिकाण, गट नंबर, खोली सात बोटं, सोबत नकाशा. रुपया रुमालात बांधून कचेरीत गेले.

कारकुनाने रुपया उलटापालटा केला, नकाशा वाचला, उठून दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "गुरुजी, बाकीचे कुठं आहेत?"

तर तुमची अंगठी किंवा जोडवं पेरणीत रानात पडलं असेल, तर गुरुजींना जरूर बोलवा. चहाशिवाय काही घेत नाहीत, खड्डा बुजवून जातात. फक्त सापडल्यावर पारावर बोलू नका.