शेडवाल्या काकू

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत एक तरी शेडवाल्या काकू असतातच. त्या शेड विकत नाहीत, भेट देतात. विकत असत्या तर नको म्हणता आलं असतं.

जुन्या लॅम्पशेडना नवं कापड चढवणं हा काकूंचा ध्यास. लग्नात बायका नवरीच्या शालूचं कौतुक करतात, काकू काठाची रुंदी जोखतात. अक्षता पडेपर्यंत त्यांचा हिशेब झालेला असतो : दोन शेड, आणि उरल्या काठात एक बटवा.

बुधवारी किंवा रविवारी त्या जुन्या बाजारात जाऊन गंजका तारेचा सांगाडा घासाघीस करून आणतात. लेस, मणी आणि गोंडे बोहरी आळीतून. कापड मात्र घरचंच. विरलेली इरकल, आजेसासूबाईंची खणाची चोळी, जर शाबूत पण अंगात फाटलेलं नऊवारी. नेसवतही नाही आणि टाकवतही नाही, असल्या वस्त्रांना काकूंकडे शेवटी दिव्यावरच जागा मिळते.

कामात मात्र त्या पक्क्या. वर अरुंद, खाली रुंद अशा शेडला सरळ पट्टी गुंडाळली तर चुण्या पडतात. म्हणून शेड आडवी करून कागदावर पूर्ण एक फेरा लोळवायची आणि दोन्ही कडांच्या मागोमाग पेन्सिल फिरवायची. कागदावर कमान उमटते. चहूकडून अर्धा इंच जास्त ठेवून कापड कापायचं, फेविकॉल पातळ लावायचा आणि जोड भिंतीकडे करायचा. कागद मात्र त्यांना त्याच दिवसाच्या पेपरचा लागतो. काका अंघोळ करून येतात तोवर अग्रलेखातून कमान निघालेली असते. शब्दकोड्यातले आडवे शब्द शिल्लक असतात, उभे गेलेले असतात.

काकांच्या खुर्चीशेजारच्या दिव्यावर गर्द जांभळा खण आहे. खणाची वीण दाट. त्यामुळे उजेड वर छताला मिळतो, खाली स्टुलाला मिळतो, काकांच्या वाट्याला काही येत नाही. ते त्या दिव्याशेजारी बसून मोबाइलच्या टॉर्चवर उरलेला पेपर वाचतात. "दिसत नाही गं," असं एकदा म्हणाले, तर काकू म्हणाल्या, "दिसायला ट्यूबलाइट आहे की. हा बघायचा दिवा आहे."

वास्तुशांत असो की बारसं, काकूंची शेड आलीच. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून माळ्यावर जाते आणि काकूंची लिफ्ट वाजली की खाली येते. पूर्वी साठ वॉटचा बल्ब असायचा तेव्हा त्या नुसता हात लावून ओळखायच्या : शेड गार, म्हणजे दिवा आत्ताच लावलाय. आता एलईडी फारसे तापतच नाहीत, तेव्हा आपण सुटलो असं सगळ्यांना वाटलं होतं.

परवा काकू शेजारच्या सूनबाईंकडे गेल्या. आधी शेड फिरवून जोड भिंतीकडे केला. मग वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते डोळ्यांजवळ नेलं.

"धूळ कशी नाही गं हिच्यावर?"

"आत्ताच पुसली, काकू. रोज पुसते."

काकू गहिवरल्या. "इतकी जपतेस? मग एकटी नको ठेवूस. पडद्यांचं उरलेलं कापड काढ, जोडीची करून देते."