तेंदूपत्त्याचा भाव कसा पाडावा: नवख्या ठेकेदारासाठी

चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या धंद्यात नव्याने उतरत असाल, तर आधी हिशेब पाठ करा. 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. म्हणजे 70,000 पाने. ती तोडायला बाई पहाटे किती वाजता रानात शिरली, हे विचारू नका. तो आकडा टेंडरात कुठेच भरायचा नसतो.

लिलावाला एकटे जाऊ नका. आदल्या रात्री बाकीच्या ठेकेदारांसोबत बसा. कोणते गाव कोणी घ्यायचे आणि कोणी नुसताच कागद भरायचा, ते तिथे ठरते. याला रिंग म्हणतात. कागदोपत्री हीच स्पर्धा. तुमच्या पोराने ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरला असेल, तर मोजक्यांच्या हातात भाव कसा जातो, हे तुम्हाला लवकर समजेल. त्या बाजारात विकणारे तीनच: एनव्हिडिया, एएमडी आणि अलीकडे इंटेल. म्हणून भाव ते सांगतात. इथे विकणाऱ्या ग्रामसभा ढीगभर अन् घेणारे मोजके, म्हणून भाव तुम्ही सांगायचा.

खरे हत्यार मात्र घड्याळ. कार्ड गोदामात पडून राहू शकते, झाडावरचे पान राहत नाही. मे सरता सरता पान जून होते, मग महिनाही जून होतो. तेव्हा पहिल्या लिलावाला फिरकू नका. दुसऱ्याला चढा दर ऐकून मान हलवा. तिसऱ्या वेळी गावच तुम्हाला बोलावील. कारण विचारलेच तर जीएसटी आहे: जुलै 2017 मध्ये या पानात वळल्या जाणाऱ्या विडीवर 28 टक्के लागला होता, पानावर 18. पुढच्याच हंगामात गडचिरोलीत भाव कोसळले. सगळा दोष कराचा होता की काय, याची चर्चा आपण करू नये.

उचल थोडी द्या, रॉयल्टी पावसाळ्यानंतर देतो म्हणा. कोणता पावसाळा, ते लिहू नका.

आता अडचणी. 1969 च्या कायद्याने पानाचा व्यापार सरकारच्या मुठीत होता. एका कचेरीत काम भागे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज ग्रामसभांचे झाले. कोरचीकडे तर ग्रामसभांनी महाग्रामसभा बांधली आहे, म्हणजे तुमचीच रिंग, फक्त उघड्यावर आणि ठराव करून. अशा ठिकाणी चहापाण्याचा उपयोग होत नाही.

वाघ तुमच्या खर्चात धरू नका. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या दिवसाच्या पुड्यांचा दर बदलला नाही.

आणि गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला जाऊन पेट्रोल जाळू नका. पानासाठी झाडे छाटली जातात, रानाला आगी लावल्या जातात, म्हणून तिथल्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले आहे. ते बांबू विकतात, आणि तेंदूची फळे, म्हणजे टेंभरं, स्वतः खातात.