चौकटी नेल्यात, माणूस मागेच राहिला

माननीय श्री. झॅक स्नायडरसाहेब यांस,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

पत्राला फार उशीर झाला, क्षमा असावी. आपण दिग्दर्शित केलेला सुपरमॅनवरचा ‘मॅन ऑफ स्टील’ २०१३ साली आला तेव्हाच आभार मानायला हवे होते. पण त्या दिवशी थिएटरबाहेर पडल्यावर शब्दच फुटेना, आणि पुढे आपण एकावर एक इतके उपकार करत गेलात की सुरुवात कुठून करावी तेच कळेना. आज मात्र नेटाने लिहायला बसलो आहे.

पहिले आभार खलनायक झॉडच्या मानेबद्दल. रेल्वे स्टेशनच्या त्या मोठ्या दालनात सुपरमॅनने त्याचं डोकं मागून कवटाळलेलं असतं. झॉडच्या डोळ्यांतून निघालेला लाल झोत भिंत जाळत कोपऱ्यात अडकलेल्या एका कुटुंबाकडे सरकत असतो. सुपरमॅन विनवतो, झॉड ऐकत नाही, आणि मग तो ‘कट्’ असा आवाज येतो. त्या आवाजाला आमच्या थिएटरात मागच्या रांगेतून शिट्टी पडली. मुंबईत शिट्टी म्हणजे पावती. आपली पावती आपल्यापर्यंत पोचवतो आहे. मला मात्र घशात आवंढा आला होता. फोर्टच्या फुटपाथवर जुनी, कोपरे दुमडलेली कॉमिक्स चाळत मी मोठा झालो. त्या पानांवरचा सुपरमॅन कितीही कोंडीत सापडला तरी तिसरा रस्ता काढायचा. तो कसा काढतो हे बघायलाच तर आम्ही पुढचा अंक शोधत हिंडायचो.

आपण नंतर मोठ्या मनाने खुलासाही केलात. सुपरमॅन कुणाचा जीव का घेत नाही याला काही कारण हवं, म्हणून आधी एकदा त्याच्या हातून जीव घेववला. केवढा खोल विचार! चोरी का करू नये हे कळण्यासाठी आधी एक घर फोडावं लागतं, हे आमच्या आईवडिलांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, एवढंच ते म्हणाले आणि आम्ही ऐकलं.

आपले चाहते मला १९८८ सालचा अंक दाखवतात. लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनीही कॉमिकमध्ये सुपरमॅनच्या हातून झॉड आणि त्याच्या दोन साथीदारांना क्रिप्टोनाइट या त्यांना घातक खनिजाने मारवलं होतं. अगदी खरं आहे. पण साहेब, त्यानंतरचे अंकही वाचायचे असतात. त्या कृत्याने सुपरमॅनचं मन मोडतं. तो नकळत दुसऱ्याच कुणाचा तरी वेश घालून रात्री शहरात फिरू लागतो, आणि हे कळल्यावर आपल्यापासून लोकांना धोका आहे म्हणून पृथ्वी सोडून अंतराळात निघून जातो. एका कृत्याचं ओझं त्या लेखकांनी महिनोन्महिने वाहिलं. आपल्या चित्रपटात तो एक किंकाळी फोडतो, प्रेयसी लोइसच्या कुशीत शिरतो, आणि पुढच्याच प्रसंगात सैन्याचं ड्रोन पाडून जनरलशी हसून बोलतो. इतक्या झटपट सुतक फेडल्याबद्दल आपले विशेष आभार.

आता सुपरमॅनला, म्हणजे क्लार्कला, वाढवणाऱ्या जोनाथन केंट यांच्याविषयी. हे लिहिताना हात जड होतो.

१९७८ च्या रिचर्ड डोनर यांच्या चित्रपटात क्लार्कचे वडील हृदयविकाराने जातात. अंगणात बापलेक बोलत असतात, म्हातारा दोन पावलं पुढे चालतो, हात धरतो आणि कोसळतो. एवढी अचाट ताकद असूनही त्यांना वाचवता आलं नाही, हे दुःख मुलगा त्यांच्या कबरीपाशी बोलून दाखवतो. जगातल्या सर्वांत बलवान मुलाला आपल्या बळाची मर्यादा तिथे कळते. ज्याने ज्याने आपला बाप गमावला आहे, त्याला तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आपण त्यात सुधारणा केलीत. आपला जोनाथन वादळात कुत्र्याला सोडवायला जातो, पाय अडकतो, आणि धावून येऊ पाहणाऱ्या मुलाला हात वर करून थांबवतो. मुलगा थांबतो. वाचवता येत असताना वाचवत नाही, कारण लोकांना त्याचं गुपित कळेल. त्याआधी नदीत पडलेली शाळेची बस पोराने बाहेर काढली, आणि ‘मग मी मुलांना मरू द्यायचं होतं का?’ असं त्याने विचारलं, तर बापाच्या तोंडून ‘कदाचित’ असा शब्द आला. कॅन्ससच्या शेतकरी जोडप्याने त्या पोराला वाढवलं नसतं तर तो नुसता दुसऱ्या ग्रहावरचा एक बलदंड प्राणी राहिला असता. सुपरमॅन घडतो तो त्या घरात. आपण त्या घराचाच पाया उकरलात.

मी बदलाच्या विरोधात आहे असा गैरसमज नसावा. १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅनला उडताही येत नव्हतं, तो मैलाच्या आठव्या भागाएवढी उडी मारायचा. क्रिप्टोनाइट तर १९४३ साली रेडिओवरच्या मालिकेतून आलं. आपण त्याची लाल चड्डी काढून घेतलीत, त्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. कपडे, ताकद, वर्तमानपत्राचं नाव, सगळं बदलत आलं आहे.

पण त्याच पहिल्या अंकात तो काय करतो ते आठवा. एका निरपराध बाईला फाशीच्या शिक्षेतून सोडवायला रात्री गव्हर्नरच्या घराचं दार फोडतो. बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला धडा शिकवतो. क्लीव्हलंडच्या जेरी सिगेल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतल्या साध्या मुलांनी, मंदीच्या दिवसांत हे स्वप्न पाहिलं: अफाट बळ असलेला कुणीतरी गरिबाच्या बाजूने उभा राहील. त्याचे सगळे हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरना विकले. ज्यांच्या हाती त्याचे हक्कही उरले नाहीत, त्यांचा हा मुलगा आहे. त्याच्याशी वागताना थोडं जपायला हवं होतं.

जिमी ओल्सेनबद्दलचे आभार दोन ओळींत मानतो, कारण आपणही त्याला तेवढाच वेळ दिलात. सुपरमॅनचा जिवाभावाचा तरुण मित्र, दशकानुदशकं पोरांचा लाडका. आपल्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ चित्रपटाच्या सुरुवातीलाच वाळवंटात त्याच्या डोक्यात गोळी, आणि थिएटरात दाखवलेल्या प्रतीत त्याचं नावसुद्धा कुणी उच्चारत नाही.

बॅटमॅनबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे आपलं कौशल्य उजळून निघालं आहे. फ्रँक मिलर यांचं १९८६ चं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ हे कॉमिक आपल्याला मुखोद्गत आहे. त्यातला थकलेला, केस पिकलेला बॅटमॅन आपण उचललात. ते जड चिलखत उचललंत. आईच्या गळ्यातली मोत्यांची माळ पिस्तुलात अडकून तुटते, ती चौकटसुद्धा जशीच्या तशी आणलीत. मोती टपटप पडतानाचं ते दृश्य खरोखर सुंदर आहे.

त्याच पुस्तकात आणखी एक चौकट आहे. बॅटमॅन घोड्यावर बसून हिंसक पोरांच्या टोळीसमोर येतो, एक बंदूक हातात घेतो आणि तिचे दोन तुकडे करतो. बंदूक हे शत्रूचं हत्यार आहे, आपण ते वापरायचं नाही, असं तो त्यांना बजावतो. ज्या हत्याराने आईबाप गेले ते हत्यार हातात धरायचं नाही, हा त्या माणसाचा धर्म आहे. ही चौकट बहुधा आपल्या प्रतीत चिकटलेल्या पानांत राहिली असावी. कारण आपल्या बॅटमॅनच्या गाडीवर मशिनगन आहे, आणि त्या गाडीच्या वाटेत येणारी माणसं घरी परतत नाहीत.

१९३९–४० च्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींत बॅटमॅनही मारायचा, पिस्तूल बाळगायचा, हे मला माहीत आहे. टिम बर्टन यांच्या १९८९ च्या चित्रपटातही त्याचे हात स्वच्छ नाहीत. पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी १९४० मध्येच हे थांबवलं, आणि तिथून खरा बॅटमॅन सुरू झाला. २०१९ साली आपण चाहत्यांना सुनावलंत की, बॅटमॅन मारत नाही असं मानणारे स्वप्नात जगतात. साहेब, आपलं म्हणणं शंभर टक्के मान्य. एल्सवर्थपासून मिलरपर्यंत अनेकांनी जपलेलं ते स्वप्नच आहे, आणि आम्ही तिकीट काढतो ते तेच बघायला.

एक आभार मात्र हात जोडून, अगदी मनापासून. बॅटमॅनच्या निर्मितीत बॉब केनइतकाच, किंबहुना जास्त, वाटा असलेले बिल फिंगर १९७४ साली निधन पावले. हयातीत त्यांना निर्माता म्हणून अधिकृत श्रेय मिळालं नाही. थिएटरच्या पडद्यावर ते नाव पहिल्यांदा उमटलं ते २०१६ साली आपल्याच ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये. श्रेयनामावलीत ते नाव पाहून मी थांबलो होतो. फक्त त्याच चित्रपटात त्यांचा बॅटमॅन नव्हता, याचं वाईट वाटतं.

चौकटीशी इमान आणि माणसाशी बेइमानी, ही आपली जुनी सवय आहे. ‘वॉचमेन’ चित्रपटात २००९ साली आपण मूळ कॉमिकमधली डेव्ह गिबन्स यांची चित्रं जवळजवळ गिरवलीत. पण त्या पुस्तकातले मुखवटेवाले दमलेले, पोट सुटलेले, चुकलेले लोक आहेत. आपण त्यांच्या मारामाऱ्या संथ गतीत अशा देखण्या केल्यात की प्रेक्षक त्यांच्यावर भाळले. त्या कॉमिकचे लेखक ॲलन मूर यांनी चित्रपटावर आपलं नाव घालू दिलं नाही.

आता एकच विनंती.

ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचं ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ आपल्या कपाटात असणारच. त्याचा दहावा अंक काढा. एक मुलगी उंच इमारतीच्या कठड्यावर उभी आहे. हातातला फोन तिने खाली सोडून दिला आहे. सुपरमॅन मागून येतो. तो मरणाच्या दारात आहे, शेवटची कामं उरकतो आहे, तरी त्या मुलीसाठी थांबतो. तिच्या डॉक्टरांना खरंच उशीर झाला होता, असं तिला सांगतो. ती वळते आणि त्याला मिठी मारते. कुणाला ठोसा नाही, काही कोसळत नाही. त्या एका पानाने किती जणांना कठड्यावरून मागे ओढलं असेल, कोण जाणे.

ते पान उघडा, स्नायडरसाहेब, आणि त्या मुलीच्या खांद्यावर ठेवलेला हात नीट पाहा.

कळावे, लोभ असावा,
आपला,
सुपरमॅनचा एक जुना वाचक