फास्टिंगवाले नाना

नानांना "कसे आहात?" असं विचारू नये. ते आकडा सांगतात. "एकशे अठरा, फास्टिंग," म्हणतात आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर कौतुक उमटेपर्यंत हलत नाहीत. असे नाना प्रत्येक सोसायटीत असतात. एखाद्या सोसायटीत दिसले नाहीत तर ते सध्या मुलाकडे अमेरिकेत गेलेत असं समजावं.

आकडा चांगला आला की ते नानांचं कर्तृत्व. वाईट आला की घरात चौकशी आयोग बसतो.

घरात माणसं पाच आणि नाश्ते पाच. मुलगा दुपारी बारापर्यंत तोंडात काही घालत नाही. सून ओट्स खाते. नातीला जॅम लावून पोळी. नानांना मुगाची दोन धिरडी, तीही पीठ काट्यावर तोलून. काकू रात्रीची भाकरी दुधात कुस्करून उभ्याउभ्याच खातात. त्या नाश्त्याला अजून कोणी नावं ठेवलेली नाहीत, म्हणून तो तेवढा सुरळीत चाललाय.

पोह्यांशी नानांचं जुनं वैर. एकदा फिरून येताना बापूंबरोबर टपरीवर एकेक प्लेट खाल्ली आणि पहिल्या घासापासून घड्याळ लावून दोन तासांनी दोघांनी बोटं टोचली. नाना दोनशे दहा, बापू एकशे बेचाळीस. पुढे मुलाने वाचून दाखवलं की इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१५ साली ८०० माणसांची साखर तपासली, तेव्हा एकाच पदार्थाने ती प्रत्येकाची वेगवेगळी चढते असं दिसलं. नानांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे बापूंचं त्यात काहीच श्रेय नाही तर!"

गेल्या वैशाखात मात्र आभाळ कोसळलं. सकाळी उपाशीपोटी दोनशे एकतीस! आदल्या रात्री भाकरी आणि दोडका. काकूंना बोलावणं गेलं.

"अगं, भाजीत गूळ घातला होतास?"

"चिमूटभर."

"चिमूटभर म्हणजे किती ग्रॅम?"

"अहो, चिमूट कधी कोणी तोलते का?"

मग यकृतावर आळ आला. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत परस्पर साखर सोडतं, हे खरंच आहे. पण एवढी? मशीन पंधरा टक्के मागेपुढे दाखवू शकतं, म्हणून तेवढे वजा केले. तरी एकशे शहाण्णव उरले. स्ट्रिपच्या डबीवरची तारीख भिंगातून वाचली. तीही निर्दोष निघाली.

सून डबा भरता भरता म्हणाली, "बाबा, टोचण्याआधी हात धुतले होते का?"

नानांनी नुकताच नातीसाठी हापूस कापला होता. बोटाला फळाचा रस असला तर मशीन त्यातली साखरही रक्ताचीच धरून मोजतं. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. एकशे चोवीस.

नाना तडक खाली बाकावर गेले आणि हात धुण्याच्या महत्त्वावर अर्धा तास बोलले. शोध अर्थातच त्यांचा स्वतःचा होता. सुनेचा उल्लेख वेळेअभावी राहून गेला.

वर नात विचारत होती, "आजी, माझी कोय कुठाय?"

काकूंनी ताटली उचलून पाहिली. कोय होती, पण चोखून पांढरी झालेली.

"दोन तासांनी कळेलच," काकू म्हणाल्या आणि मशीन हाताशी काढून ठेवलं.