नऊ व्होल्टची वाटणी

गिटारच्या पेडलांना वीज कशी द्यावी हा प्रश्न पारोळ्यात फारसा कुणाला पडत नाही. ज्याला पडतो तो मी. तरी उद्या धुळ्याहून एरंडोलकडे जाणारा एखादा गिटारवाला आपल्या स्टॅण्डवर उतरला, त्याने कुणाच्या तरी ओसरीवर सामान मांडलं आणि अँप्लिफायरमधून घूंऽऽ असा भुंगा सुटला, तर गावाची अब्रू राहावी म्हणून हे मार्गदर्शन लिहून ठेवत आहे.

आधी व्याख्या. पेडल म्हणजे पायाने दाबायची पत्र्याची डबी. एका बाजूने गिटारचा सरळ आवाज आत जातो आणि दुसऱ्या बाजूने फाटलेला, घुमलेला किंवा मागे रेंगाळलेला बाहेर येतो. 'बॉस' या जपानी कंपनीने १९७७ साली पावलाएवढ्या आटोपशीर डब्या काढल्या आणि तेव्हापासून जगभरच्या बायका नवऱ्यांना विचारत आल्या आहेत की, असाच एक तर आहे ना तुमच्याकडे?

त्या भुंग्यालाच हम म्हणतात. तो येतो कुठून? आपल्या तारेतली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. अडॅप्टरच्या पोटात ती सरळ करताना उरलेली थरथर १०० ची होते. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा स्वर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जरासा वर लागतो. तेव्हा ज्याने पांढरी पाचमध्ये गाणं बसवलंय त्याला तंबोरा फुकट मिळतो. बेसूर मिळतो, पण फुकट.

नियम पहिला : संशय योग्य क्रमाने घ्यावा. हम आला की माणूस आधी गिटारवर संशय घेतो, मग वायरीवर, मग शेजारच्या पिठाच्या गिरणीवर. अडॅप्टरवर कुणीच घेत नाही, कारण अडॅप्टर आपण स्वतः निवडून, घासाघीस करून आणलेला असतो. माझ्याकडे आठ पेडल आहेत. त्यांची एकूण किंमत घरात दोघांनाच ठाऊक आहे, मला आणि देवाला. ही आठही पेडल मी आठवडी बाजारातल्या एका अडॅप्टरवर चालवली. म्हणजे वऱ्हाड आणलं पाचशेचं आणि पाण्याला ठेवला एक रांजण.

नियम दुसरा : सेल हा सज्जन असतो. इथे मला आमच्या जिभाऊंबद्दल सांगणं भाग आहे. नात्याने थोरले चुलतभाऊ, पेशाने शेतकरी आणि लग्नसराईत बँडमध्ये बेंजोवाले. हा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला तारांचा पाट. मूळ वाद्य जपानी. नागोया शहरात १९१२ साली ते निघालं आणि आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं. आपण त्याला तारांचा आवाज टिपणारा पिकअप बसवला, बेंजो म्हटलं आणि वरातीपुढे उभं केलं. नागोयाच्या लोकांनी खान्देशातली वरात पाहिली तर ते वाद्य परत मागतील.

जिभाऊंच्या बेंजोपुढे एकच डबी असायची, आवाज फाडणारी, डिस्टॉर्शनची. तिच्या पोटात नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. गाडीवर जनरेटर धडधडत असायचा, त्यावर कर्णे, दिवे, की-बोर्ड, सगळं चालायचं, पण जिभाऊ त्याची वायर डबीला शिवू देत नसत. "जनरेटरना भरोसा नही रे भो." तेव्हा मला हा अडाणीपणा वाटायचा. मग एकदा वरातीत कान देऊन ऐकलं. दिव्यांची माळ पेटली की जनरेटरवर ताण यायचा, इंजिन मंदावायचं आणि कर्ण्यातला हमही खाली घसरायचा. माळ विझली की पुन्हा वर. मींड घेणारा हम मी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला. बेंजो मात्र कोरडा ठणठणीत, कारण सेलमधली वीज मुळात हेलकावे खातच नाही. जे हलतच नाही ते गुणगुणणार कसं?

ज्यांना सेल परवडत नाहीत त्यांच्यासाठी पोटनियम. जुन्या पद्धतीची फझ डबी अर्ध्या मेलेल्या साध्या सेलवर नव्यापेक्षा गोड वाजते. दाब उतरला की तिचा आवाज मऊ, थोडा आजारी होतो आणि तोच लोकांना आवडतो. आता असे अर्धवट सेल कुठे मिळतात? हरिनाम सप्ताहात. कीर्तनकारांच्या बिनवायरच्या माइकमध्ये अनेकदा हाच सेल असतो आणि काल्याच्या कीर्तनात माइक बंद पडू नये म्हणून तो अर्धा शिल्लक असतानाच बदलतात. सात दिवस हरिनाम ऐकलेला सेल आठव्या दिवशी माझ्याकडे येऊन भलतंच काही ऐकतो. एरिक जॉन्सन नावाच्या अमेरिकन वादकाची ख्याती अशी की, सेल कोणत्या कंपनीचा हे तो आवाजावरून ओळखतो. मला कुकरची कितवी शिट्टी हे ओळखता येत नाही, त्यामुळे मी या वादात पडत नाही.

वाजवून झाल्यावर डबीच्या इनपुटमधली पिन काढावी. ती आत असेपर्यंत सेल जळत राहतो. जिभाऊ चहा प्यायला बसले तरी पिन काढायचे.

नियम तिसरा : आत ऋण, बाहेर धन. बहुतेक पेडलांच्या अडॅप्टरला मधल्या भोकात ऋण आणि बाहेरच्या पत्र्याला धन लागतं. आपल्या घरी कपाटाच्या खालच्या खणात जे अडॅप्टर साठलेले असतात (वायफायचा, टीव्हीच्या डबीचा, मेलेल्या फोनचा), त्यांच्यात बहुधा उलटं असतं आणि व्होल्टही बाराच्या घरात किंवा पाच. पिन मात्र बसते. अगदी मऊ बसते, आणि घात तिथेच होतो. पिन बसली म्हणजे जुळलं असं नसतं, हे पत्रिका पाहून लग्न ठरवणाऱ्या समाजाला मी काय सांगावं! अडॅप्टरवर एक गोल, त्यात टिंब आणि बाजूला अधिक-उणे असं चिन्ह छापलेलं असतं. ते चष्मा लावून वाचा. मी चष्मा न लावता वाचलं होतं. आठातलं एक पेडल आता कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेलं आहे.

नियम चौथा : व्होल्ट जुळलेच पाहिजेत, मिलिअँपिअर जास्त चालतात. टाकी दहा हजार लिटरची असली म्हणून तांब्या फुटत नाही, तो तांब्याभरच घेतो. पण टाकीच तांब्याएवढी असेल आणि हंडे आठ, तर शेवटचा हंडा बोंबलतो. साधी डिस्टॉर्शनची डबी पाच-दहा मिलिअँपिअरमध्ये भागवते. देवळातल्यासारखा घुमारा देणारी मोठी डिजिटल डबी तीनशेही मागते. सगळ्यांची बेरीज करावी आणि वर थोडी शिल्लक धरावी. बेरीज मी केली नव्हती.

नियम पाचवा : वाटणी. हा या शास्त्राचा गाभा आहे आणि तो मला वीज शिकून कळला नाही, घर वाटल्यावर कळला.

एका अडॅप्टरला फाटे फोडून माळेसारखी आठ पेडल जोडतात, त्याला मी एकत्र कुटुंब म्हणतो. दिसायला सुरेख, खर्चाला कमी, पाव्हण्यांपुढे शोभून दिसतं. आतली गोष्ट अशी की, सगळ्यांचं ऋण एकच असतं. पेडलं अडॅप्टरच्या वायरीने एकमेकांशी जोडलेली आणि गिटारच्या वायरीच्या जाळीनेही जोडलेली. म्हणजे त्याच दोघांत बोलण्याच्या दोन वाटा झाल्या. मोठी सून सासूशी स्वयंपाकघरात बोलते ते एक, आणि तेच बोलणं मागच्या दारी शेजारणीकडून फिरून येतं ते दुसरं. या दोन वाटांचा मिळून जो फेरा होतो त्यात आसपासचा सगळा भुणभुणाट पकडला जातो. त्यात डिजिटल डबीच्या पोटात घड्याळासारखं काहीतरी सतत टिकटिकत असतं. त्याची बारीक शिट्टी सामायिक ऋणातून सगळ्या घरात पसरते आणि डिस्टॉर्शनची डबी, जिचं कामच मुळी राईचा पर्वत करणं, ती त्या शिट्टीचा भोंगा करून जगाला ऐकवते. घराघरांत असं एक माणूस असतंच. आमच्यात ते मी होतो असं जिभाऊ म्हणतात.

उपाय एकच, चूल वेगळी करा. प्रत्येक पेडलला स्वतंत्र वळण, स्वतंत्र धन, स्वतंत्र ऋण देणारी पेटी मिळते, तिला आयसोलेटेड सप्लाय म्हणतात. महाग असते. ती घेताना सावध राहावं, कारण बाजारात आठ भोकांच्या अशाही पेट्या आहेत ज्यांच्या आत तीच जुनी माळ लपवलेली असते. पेटी बंद ठेवून दोन भोकांच्या ऋण टोकांना मल्टिमीटर लावावा. टींऽ वाजलं तर चूल एकच आहे, नुसती ताटं वेगळी मांडली आहेत. पैसे कमी असतील तर निदान डिजिटल डबीला वेगळा अडॅप्टर द्यावा, किंवा डिस्टॉर्शनला सेल घालून तिला माळेतून बाहेर काढावं. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा असंच झालं. मीटर वेगळे, नळ वेगळे, अंगणाच्या मधोमध भिंत. भिंत घालताना एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, तिच्याकडे शेवटी येतो.

नियम सहावा : दिशा. एकेरी वेटोळ्याचा पिकअप असलेली गिटार ही होकायंत्रासारखी असते, वाजवणारा फिरला की हम कमी-जास्त होतो. माझ्या खोलीत तो गावच्या किल्ल्याकडे तोंड केल्यावर जवळजवळ नाहीसा होतो. हरी सदाशिव दामोदर जहागीरदारांनी १७२७ साली हा भुईकोट बांधला तेव्हा त्यांच्या मनात हा उपयोग नसावा. किल्ल्याकडे पाठ केली तरी तेवढाच गुण येतो, फक्त श्रोत्यांनी कुठे बसायचं ते आधी ठरवावं लागतं. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट वेटोळी शेजारी ठेवून हमला हमनेच मारण्याची युक्ती केली. तशी गिटार असेल तर हा नियम वाचू नये. वाचला असेल तर विसरावा.

नियम सातवा : पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, चार्जरला लावलेला लॅपटॉप आणि स्वस्तातला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर, या तिघांना मैफलीचं आमंत्रण देऊ नये. आजोबांच्या वेळचा, भिंतीवर ठोकळ्यासारखा बसवलेला रेग्युलेटर काढला नसेल तर काढू नका. तो तापतो, पण बोलत नाही.

विजेची वायर आणि गिटारची वायर शेजारी शेजारी नेऊ नये. गाठ पडणारच असेल तर काटकोनात पाडावी.

नियम आठवा, आणि हा मी गमतीने सांगत नाही. मांडवात हम आला की कुणीतरी अनुभवी माणूस पुढे येतो, अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी, जाड पिन मोडतो आणि हम थांबतो. लोक वाहवा करतात. ती पिन हमसाठी नसते, जिवासाठी असते. ती मोडल्यावर एका लग्नात माझा एक हात गिटारच्या तारेवर होता आणि ओठ माइकला लागला. जो झटका बसला त्याचं वर्णन करत नाही, वराकडच्यांनी ते केलेलं आहे. फेरा तोडायचाच असेल तर गिटार आणि मिक्सरच्या मध्ये लावायच्या डीआय बॉक्सवर त्यासाठी बटण असतं, ते फक्त आवाजाच्या वायरीची जाळी सोडवतं. अर्थिंगला हात लावायचा नाही. लावूच नका ना! शंभर वेळा सांगितलं तरी माणसं पक्कड घेऊन उभीच असतात.

आता भिंतीची गोष्ट. गेल्या मे महिन्यात मी अखेर वेगळ्या चुलींची पेटी मागवली. ती यायची होती, तोवर माळच होती. पण माळ काढून गिटार सरळ अँप्लिफायरला लावली तरी हम होता, आणि गिटारच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या. मल्टिमीटर लावला. अर्थिंग असून नसल्यासारखं. तेव्हा आठवलं की आमच्या घराचं अर्थिंग जुन्या पद्धतीचं आहे, खोल खड्डा, त्यात पत्रा, भोवती मीठ आणि कोळसा, आणि वर पाणी ओतायला नळी. मीठ-कोळशाला ओल असेल तरच वीज जमिनीत उतरते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की जमीनच खडखडीत होते. पूर्वी आई दर उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी त्या नळीत ओतायची. का, ते तिला ठाऊक नव्हतं, वडिलांनी सांगितलं होतं. आणि तो खड्डा वाटणीत भिंतीपलीकडे, जिभाऊंच्या हिश्शात गेला होता.

घागर घेऊन गेलो. वहिनींनी आधी घागरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उन्हाळ्यात भरलेली घागर घेऊन कुणी कुणाच्या दारी जात नाही, रिकामी घेऊन जातात. जिभाऊ खाटेवर पडले होते. मी नियम पाचवा आणि आठवा थोडक्यात सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, नळीवरचं फडकं काढलं आणि माझी घागर ओतली. मग आत जाऊन स्वतःचीही एक आणून ओतली. बराच वेळ नळी गटगट करत राहिली.

"आते वाजाड."

मी घरी येऊन अँप्लिफायर लावला. मुंग्या गेल्या होत्या, भुंगाही खूप खाली बसला होता. हुरूप येऊन आठातली उरलेली सात पेडल जोडली. वाजवायला घेतलं आणि दोन मिनिटांत भिंतीपलीकडून हाक आली, "तो बारीक आवाज कसाना शे?"

बेंजोवाल्याचे कान. डिजिटल डबीची शिट्टी होती, माळेतून डिस्टॉर्शनमध्ये उतरलेली. मी ओरडून सांगितलं की, नवी पेटी येतेय, चार दिवस लागतील. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग भिंतीवरून काहीतरी आलं आणि तुळशीपाशी ठप्पकन पडलं. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल.

"सप्ताहना सेल शे," जिभाऊ म्हणाले. "परत देजो."